समजा, हा स्पेन आहे

खिल्लारे सर स्पेनला कधीही गेले नव्हते. तरी स्टुटगार्टला लेका-लेकींकडे आलेल्या कितीतरी आई-बापांना त्यांनी स्पेन दाखवला, समुद्रातले प्राणी दाखवले आणि संध्याकाळच्या चहाला ज्याला त्याला घरी पोचतं केलं. विमान लागलं नाही, हॉटेल लागलं नाही. यू-बानची, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेची, तिकिटं आणि माझे धपाटे एवढ्यावर भागलं.

झालंय असं की इथं नेकर नदीच्या काठाला जुन्या काळच्या एका राजानं हौसेनं स्पेनमधल्या मूर लोकांसारखा महाल बांधला. नालाच्या आकाराच्या कमानी, लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या भिंती, पुढ्यात कमळांचं तळं. पुढं राजेलोक संपले आणि आवारात प्राणी आले. समुद्रसिंह, पेंग्विन, फ्लेमिंगो, पेलिकन. सरांनी दोन्हीची बेरीज केली आणि इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर टाकलं : ‘भूमध्य सागरी प्राणी व ऐतिहासिक वास्तुकला. एकदिवसीय मार्गदर्शित सहल. गुडघेदुखी चालेल.’

ती शेवटची ओळ वाचून लोक नावं द्यायचे.

सर तसे ब्रेकचे इंजिनिअर. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत ब्रेक का किंचाळतो हे शोधायचं काम. परभणीकडचे. औरंगाबादला दोन वर्षं पॉलिटेक्निकला शिकवत होते, त्यामुळे ‘सर’ चिकटलं ते चिकटलं. जर्मनीत अकरा वर्षं राहूनही त्यांच्यात दोन सवयी राहिल्या होत्या. शर्टाच्या खिशाला पेन, आणि समोरचा माणूस वर्गात बसला आहे अशा बेतानं बोलणं. तिसरी सवय इथं लागली. दर वाक्याआधी ‘आल्झो’, म्हणजे आपलं ‘तर’. वाक्य सुरू होतंय हे ऐकणाऱ्याला वेळेवर कळावं म्हणून असेल.

माझी त्यांची ओळख एका लिफाफ्यामुळे झाली. माझे मिस्टर इथं हॉटेलात कूक. मी बार्शीची, नववीतून शाळा सुटलेली. बीजगणिताच्या बाईंनी फळ्यावर ‘समजा क्ष’ लिहिलं आणि मला काही तो क्ष समजता आला नाही. खरं कारण वेगळं होतं, घरात धाकटी भावंडं सांभाळायला कुणीतरी हवं होतं, पण क्षवर ढकललं की बरं दिसतं. तर इथं आल्यावर दुसऱ्याच महिन्यात दारातल्या पेटीत एक सरकारी दिसणारा लिफाफा आला. वर माझं नाव. मी तो तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. बारा दिवस आम्ही वरचे वर तांदूळ काढून भात खाल्ला. तेव्हा मी घरून पोळ्यांचे डबे द्यायचे. तेराव्या दिवशी सर त्यांचा डबा न्यायला आले, तेव्हा मी बांधलेल्या पोळ्यांबरोबर तो त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “कधी निघावं लागेल तेवढं सांगा.”

सरांनी लिफाफा उघडला नाही. “आधी चहा ठेवा, वहिनी,” म्हणाले. “जर्मन पत्र चहाच्या आधी गार होत नाही.”

चहा झाल्यावर त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “आल्झो. मंगळवारी सकाळी धुराडं झाडणारा माणूस येणार आहे. तुम्हाला देश सोडायची गरज नाही. दार उघडलं तरी पुरेल.”

त्या दिवसापासून आमच्या घरचं प्रत्येक पत्र सरांनी वाचलं. पोरीला किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, जागा, माझा भाषेचा वर्ग, मिस्टरांच्या व्हिसाची मुदत, सगळ्या फॉर्मवर त्यांचं अक्षर. अशा माणसाला माणूस काय देणार? मी धपाटे दिले. त्यातूनच मी सहलीची अन्नमंत्री झाले आणि दर रविवारी डबे घेऊन स्पेनला जाऊ लागले.

सहल निघायची ती हातात उलथनं घेऊन. इतर गाईड छत्री धरतात, झेंडा धरतात. सरांकडे लांब दांड्याचं स्टीलचं उलथनं होतं, टोकाला निळी रिबन. “छत्री कुणाच्याही हातात असते,” ते म्हणत. “स्टेशनवर उलथनं धरलेला माणूस तुमचाच.” ह्यावर आजवर कुणी वाद घातलेला मला आठवत नाही. दुसऱ्या हातात घडीचं स्टूल. त्यावर कुठल्याही आईनं कधीही बसावं, बाबांनी विचारून बसावं, आणि स्वतः सरांनी बसू नये, असा नियम होता.

महालापाशी पोचलं की उलथनं वर जायचं.

“समजा, हा स्पेन आहे.”

सगळे आई-बाबा आज्ञाधारकपणे समजायचे. समोर फ्रांकफुर्टर सॉसेज खाणारी जर्मन कुटुंबं, मागून ट्राम, तरी समजायचे. मग राजा किती साली गादीवर बसला, त्याला कमानींचा नाद का लागला, कमानीचं वजन कुठून कुठं उतरतं. वजनाचा भाग आला की सर रंगायचे, कारण तो ब्रेकला जवळचा. पुण्याच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी एकदा मधेच विचारलं, “मूळ इमारत तुम्ही पाहिली असेल ना?”

“नाही.”

“मग इतकं खात्रीनं कसं सांगता?”

“मी ब्रेकवर काम करतो, काका. गाडीत बसावं लागत नाही.”

तिथून समुद्रसिंहांचं तळं. “समजा, हा समुद्र.” सर तिथं प्रत्येक समुद्रसिंहाला स्वभाव वाटून द्यायचे. एक आळशी, एक पुढारी, एक घरजावई. मासे टाकणारी बाई आली की पुढारी आधी ओरडायचा आणि घरजावई आधी खायचा. नागपूरच्या एका काकूंनी हसून हसून डोळे पुसले आणि शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या जावयाकडे बघून एकदम गप्प झाल्या. सरांनी पुढच्या रविवारी घरजावयाचा भाडेकरू केला.

एकदा पहारेकऱ्यानं अडवलं. टोपी घातलेला, मिशीवाला, अतिशय नम्र, म्हणजे काळजी करण्यासारखा. उलथन्याकडे बघत विचारलं, तुम्ही गाईड आहात का, ग्रुप आणायचा तर आधी कळवावं लागतं. मी डब्यांची पिशवी पाठीमागे घेतली. आता सरांना धरणार, मग धपाटे कुणी केले विचारणार, मग मिस्टरांचा व्हिसा. सर शांतपणे म्हणाले, “फमिली.”

पहारेकऱ्यानं मोजलं. सहा आया, पाच बाप. एका आईनं नऊवारी नेसलेली, एक बाप टी-शर्टात.

“सगळे तुमचे?”

“गेनाऊ,” सर म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर.

नऊवारीतल्या आजींनी प्रसंग ओळखून सरांच्या डोक्यावरून हात फिरवला. पहारेकऱ्यानं टोपीला हात लावला आणि बाजूला झाला. तेव्हापासून सर दर सहलीच्या आधी कळवायला लागले. खोटं बोलल्याचं त्यांना फार लागलं होतं. खोटं न बोलण्याची त्यांना खोडच होती, आणि तीच त्यांना नडली.

सरांच्या खिशात एक वही असे. सहलीत कुणी बसलं, दमलं, कुरकुरलं की ते टिपायचे. मला वाटायचं कमानींचं काहीतरी असेल. एकदा डबे उघडताना वही माझ्याजवळ दिली, तेव्हा पान दिसलं. ‘फ्लेमिंगोपासून पुढे चढ. ऐंशी पावलांवर बाकडं, पण उन्हात. उजवीकडून गेल्यास चढ कमी. संडास पेंग्विनमागे, पायऱ्या तीन, कठडा आहे.’ पानामागून पान हेच. खाली एका ओळीत, ‘माय हळू चालेल. एक तास जास्त धरावा.’

सरांची आई कधी आलीच नव्हती. परभणीपासून आत कुठंतरी गाव. नवरा लवकर गेला, तिनं बिगारी करून सरांना शिकवलं. समुद्र तिनं पाहिलेला नाही. सरांचं औरंगाबाद झालं, मग शिष्यवृत्तीवर जर्मनी झालं, मुंबईचा समुद्र दाखवायचा राहून गेला. “इकडे आणतो आणि दाखवतो,” असं सर तिला अकरा वर्षं फोनवर सांगत होते. म्हणजे आम्ही सगळे आई-बाप घेऊन चाललो होतो ती रंगीत तालीम होती. दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर एका बाईचा रस्ता बेतला जात होता.

मग आणली का नाही, असं कुणीही विचारील. तर आणायला निघाले होते. मी वही पाहिली त्याच्या दोन वर्षं आधी तिच्या व्हिसाचे कागद सरांनी स्वतः भरले. ज्यानं अर्ध्या स्टुटगार्टचे फॉर्म भरले, त्यानं स्वतःच्या आईचा फॉर्म भरला आणि तो तेवढाच परत आला.

कारण ऐकून मी कपाळाला हात लावला. आपल्याकडे खेड्यात जन्मतारीख कुणाला माहीत असते? शाळेत गेलेल्यांचा वाढदिवस गुरुजींच्या कृपेनं एक जूनला. न गेलेल्यांचा कार्डावर एक जानेवारीला. माझा जून. सरांच्या आईचा जानेवारी. जगात ह्यावर कुणाचं अडलेलं नाही. पण सरांना राहवलं नाही. त्यांनी सोबत दोन पानी पत्र जोडलं की कार्डावरची तारीख ही केवळ सोयीची असून, खरा जन्म सुगीत, ज्वारी खळ्यावर असताना झाला, आणि साल एक-दोन इकडेतिकडे असू शकतं. तरी अर्जदाराच्या ओळखीबाबत शंका नसावी.

शंका तोवर नव्हतीच. पत्र वाचून आली.

“सर, हे कुणी विचारलं होतं का?” मी म्हटलं.

“विचारलं नव्हतं. पण खरं होतं.”

“ब्रेक तपासताना कंपनीला सांगता का, की तसा ब्रेक चांगला आहे, पण त्याचा जन्म कधीचा कुणाला माहीत नाही?”

त्यांना टोमणा मारण्याची माझी ती पहिली वेळ. दोन दिवसांनी ते घरी आले. कोरे कागद घेऊन आले.

“आल्झो, वहिनी. पुन्हा अर्ज करतोय. सोबतचं पत्र तुम्ही लिहा.”

“मी? जर्मनमधून?”

“तुमचं जर्मन बे-आइन्सचं, मधल्या परीक्षेपुरतं आहे. त्यात खोटं बोलायला पुरतील एवढे शब्द नाहीत, आणि गरजेपेक्षा जास्त खरं बोलायलाही नाहीत.”

ह्याला मान म्हणायचं की अपमान, हे मला अजून कळलेलं नाही. पण नकार कसा देणार? ह्या माणसानं आमच्या घरातला प्रत्येक कागद वाचला होता. तरी मी त्यांना सांगून पाहिलं, माझ्या हातानं गेलं तर पुन्हा परत येईल, मग तुम्ही मला काही बोलणार नाही, आणि तेच मला सोसणार नाही. सर म्हणाले, “समजा आलं परत, तर आपण चहा ठेवू.”

समजा क्ष. पुन्हा माझ्यापुढं उभा.

मी आधी सरांना त्यांच्या आईंना फोन लावायला लावला. “माय, तुम्ही येऊन परत जाणार का?” मी विचारलं. व्हिसावाल्यांना तेवढंच हवं असतं, येतो कशाला आणि जातो कशाला.

“म्हंजी?” पलीकडून आवाज आला. “न जाऊन कसं चालंल? म्हैस हाय माही. ती दुसऱ्याला हात लावू देत न्हाई. पंधरा दिसाच्या वर म्या कुठंच ऱ्हात न्हाई. पोराचं काय, त्याला त्याच्या हातानं खाता येतंय.”

मी सरांच्या वतीनं पत्र लिहिलं. सहा ओळी. माझी आई मला भेटायला येते. ती पंधरा दिवस राहील. मी तिला प्राणी आणि जुना महाल दाखवीन. ती परत जाईल, कारण तिच्याकडे एक म्हैस आहे. ही म्हैस फक्त तिलाच दूध काढू देते. आपला आभारी.

सरांनी वाचलं. पेन काढलं, म्हशीच्या जातीबद्दल काहीतरी घालावं अशी त्यांची इच्छा दिसली. मी हातातून कागद ओढून घेतला. त्यांनी सही केली.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते मिस्टरांना विचारा. आमटीत दोनदा मीठ पडलं, एकदा पडलंच नाही. मग एका रविवारी समुद्रसिंहांच्या तळ्यापाशी मासे टाकणारी बाई आलेली, पुढारी ओरडतोय, भाडेकरू खातोय, आणि सरांचा फोन वाजला. परभणीहून आईंचा भाचा, व्हिसा आल्याचं सांगायला. सरांनी ऐकलं. “आल्झो,” म्हणाले. आणि स्टूल उघडून त्यावर बसले.

आया उभ्या, सर बसलेले, असं सहलीच्या इतिहासात घडलं नव्हतं. एका काकूंनी हळूच विचारलं, “बरं वाटत नाही का हो त्यांना?” मी म्हटलं, “फार बरं वाटतंय.”

आई आल्या त्या मे महिन्यात. बारीक, काटक, कपाळावर गोंदण, पायात लेकानं घेतलेले बूट. पहिल्या रविवारी सहल निघाली. त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. तरी सरांनी उलथन्याला नवी रिबन लावली होती. इस्त्रीचा शर्ट. मला म्हणाले, “धपाट्यात तिखट कमी टाकलंय ना?” वही त्यांना आता लागत नव्हती, सगळं पाठ होतं. अकरा वर्षांची तालीम, आणि प्रेक्षक एकच, तोही घरचा.

महालापुढं उलथनं वर गेलं.

“समजा माय, हा स्पेन आहे.”

“म्या कामून समजू?” आई म्हणाल्या. “तूच म्हन्लास जर्मनी हाय.”

सर थोडे चाचरले. राजावर आले. राजाला कमानींचा नाद होता, म्हणून त्यानं हा महाल बांधला.

“राजानं?”

“हो.”

“सोता?”

आई भिंतीपाशी गेल्या. लाल-पिवळ्या दगडावर तळवा फिरवला, सांध्यात नख घालून पाहिलं. मग कमानीकडे मान वर करून बघत राहिल्या. “हे दगड वर कुनी चढिवले? पायाड बांदून की डोक्यावर?”

सरांना साल माहीत होतं, वजन माहीत होतं, वजन कुठून कुठं उतरतं तेही माहीत होतं. ते वर कुणी चढवलं हे त्यांनी कधी वाचलं नव्हतं. “माहीत नाही, माय,” ते म्हणाले.

“मंग इचार कुनाला तरी,” आई म्हणाल्या. “एवढे दगड आपोआप न्हाई चढत. खांदे सोलून निघत्यात.” आणि स्वतःच्या उजव्या खांद्यावरून पदर सारखा केला.

समुद्रसिंहांपाशी सरांनी ‘समजा’ म्हणायचं टाळलं. नुसते उभे राहिले. आईंनी स्टूलवर बसून सगळा कार्यक्रम पाहिला. पुढारी ओरडला, भाडेकरूनं खाल्लं, सरांनी कुणालाही नाव दिलं नाही.

“पाळल्यात,” आई म्हणाल्या.

“हो.”

“त्या बाईलाच वळखत्यात. दुसऱ्या कुनी टाकलं तर खात नसतीन.” आणि नंतर बऱ्याच वेळानं, “समिंदर ह्याच्याहून मोठा असंल ना रं, अशोक?”

“फार मोठा,” सर म्हणाले. त्यांचं तोंड पाहून मी डबे उघडायला लागले, दुसरं काही सुचलं नाही. सावलीतल्या बाकड्यावर बसून आम्ही धपाटे खाल्ले. ऐंशी पावलं, उजवीकडून, चढ कमी. आईंना दम लागला नाही. तेवढं तरी साधलं होतं, पण सरांना ते दिसत नव्हतं. आईंच्या जाण्याला आता अकरा दिवस उरले होते आणि अकरा वर्षांचा स्पेन दुपारच्या जेवणाआधीच संपला होता.

परतीच्या यू-बानमध्ये आई खिडकीशी, सर समोर, मी शेजारी. दोन स्टेशनं गेली. आई बाहेर बघता बघता म्हणाल्या,

“अशोक, समजा...”

सरांनी मान वर केली.

“समजा म्या आनखी आठ दिस ऱ्हायले. तर ह्या गाडीनं खऱ्या समिंदराला जाता येतं का?”

“ह्या नाही. दुसऱ्या गाडीनं येतं,” सर म्हणाले. मग खालच्या आवाजात, “आणि म्हैस?”

“म्हशीला भाचा हाय. आटली तर आटंल. पुन्यांदा इईल, मंग दूध देईल की.”

सरांच्या तोंडून ‘आल्झो’ निघालं आणि त्याच्यापुढं वाक्यच आलं नाही. माझ्या पत्रातलं एकमेव कारण आईंनी दोन स्टेशनांत मोडीत काढलं होतं. पत्रात पंधरा दिवस लिहिलंय, खाली सही आहे, म्हैस आहे. व्हिसावर तीस दिवस होते हे सरांनी नंतर सांगितलं, पण तोवर मी मनातल्या मनात दोनदा तुरुंगात जाऊन आले होते.

माझं स्टेशन आलं. मी डबे उचलून उतरले.

त्या वर्षीच सरांच्या कंपनीनं त्यांचं खातं हलवलं आणि ते रेगेन्सबर्गला गेले. फोन असतो. आता इथली पत्रं मी माझी मीच वाचते, आधी चहा ठेवते. पण सर म्हटलं की मला दिसतात ते त्या यू-बानमधले. दारं लागली, गाडी हलली, आणि काचेतून मी पाहिलं. आईंनी पाय स्टूलवर घेतले होते. सर उठून त्यांच्या पुढ्यात उभे होते, एका हातानं वरचा पट्टा धरून, ओठ हलत होते, समुद्राकडच्या गाड्या नि वेळा सांगत असावेत. सहल केव्हाच संपली होती. डब्यात त्यांच्या ग्रुपचं एकच माणूस उरलं होतं, तेही हातभर अंतरावर. तरी दुसऱ्या हातातलं उलथनं सरांनी उंच धरलं होतं, माय चुकू नये म्हणून.